सध्या तीन

अप्पाराव प्लंबर गच्चीवरून खाली उतरला तो मान हलवतच.

"टाकी गेली काकू," तो नंदाबाईंना म्हणाला. "उन्हानं तळाला चीर पडली. ठिगळ लावून बिलकुल फायदा न्हाई. नवीच घ्या."

"केवढी घ्यावी मंग?"

"आपल्या नळाचा काय भरोसा? आलं तर आलं पाणी. हिसाब माणसांवर ऱ्हातो. घरात माणसं किती?"

"सध्या तीन," नंदाबाई म्हणाल्या. "पण तू मोठीच बघ."

स्वयंपाकघरात, ओट्याच्या पार टोकाला, मिक्सर आणि पिठाचा डबा यांच्या मधल्या जागेत लॅपटॉप मांडून बसलेल्या प्रियदर्शनीनं हे ऐकलं. मान वर केली नाही. 'सध्या' हा शब्द त्या घरात मिठासारखा होता, सगळ्यात पडायचा. खोल्या किती? सध्या पुरतात. सुनेचं कसं चाललंय? सध्या नोकरी करते. लग्नाला दहाएक वर्षं होऊन गेली होती आणि सासूबाईंचं 'सध्या' काही संपत नव्हतं.

नंदाबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सासू म्हटली की लोक लगेच कान टवकारतात. त्या सुनेला कधी टाकून बोलल्या नाहीत, त्यांनी उपासतापास तिच्या गळ्यात मारले नाहीत, दोन्ही वेळचा स्वयंपाक बहुतेक स्वतःच करायच्या. एकच होतं. रोज सकाळी प्रियदर्शनी मोरीतून तोंड धुऊन बाहेर आली की त्या चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, वळून विचारायच्या, "बरं वाटून राह्यलं ना?"

एवढंच. पण त्या एवढ्याशा प्रश्नात काय विचारलंय हे दोघींनाही माहीत होतं आणि बाहेर चपला शोधणाऱ्या कल्याणलाही. प्रियदर्शनी म्हणायची, "हो आई, एकदम बरं." आणि तिचा हात तिच्याही नकळत पोटाकडं जायचा. प्रश्न येईपर्यंत तिच्या डोक्यात चहा असायचा, काम असायचं, पाण्याचा टँकर असायचा. प्रश्न आला की पोटात काही नाही, हे तिला नव्यानं कळायचं. रोज नव्यानं.

आणि यातली खरी गंमत अशी, की विचारण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याचे हेलपाटे, त्या सुया, त्या तारखा, सगळं त्यांनी दिवाळीत थांबवलं होतं. रागानं नाही, रडूनही नाही. दवाखान्यातून परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दोघं उसाचा रस प्यायले आणि कल्याण म्हणाला, "बस करू का आता?" ती म्हणाली, "बस करू." तिला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं होतं, की तिनं आणखी एक ग्लास मागवला होता. आईला सांगायचं काम कल्याणनं स्वतःकडं घेतलं. तेव्हापासून तो ते उद्यावर टाकत होता. जालन्याजवळ बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाफ्यांवर त्याची नोकरी. रोपाचं पान पिवळं पडायच्या आधी रोग ओळखायचा. घरात मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही.

घराला खोल्या तीन. एकीत नवरा-बायको, एकीत नंदाबाई, आणि तिसरी बंद. बंद म्हणजे कुलूप नव्हतं, नुसती कडी. स्लॅब टाकताना नंदाबाईंनी गवंड्याच्या मागं लागून त्या खोलीच्या छतात एक जाड लोखंडी कडी पुरून घेतली होती, पाळण्यासाठी. तेव्हा प्रियदर्शनी नवी नवरी होती, लाजली होती. आता त्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती, पेटीत दोन दुपटी होती आणि बाकी नुसती जागा. नंदाबाई ती रोज झाडायच्या. रिकामी खोलीही झाडावीच लागते, धूळ काही माणसं बघून बसत नाही.

म्हणून, आणि आपल्या खोलीतल्या टेबलापुढं खुर्ची मावत नव्हती म्हणून, प्रियदर्शनी ओट्यावर बसून नोकरी करायची.

नोकरी सांगायला सोपी आणि करायला किचकट. कंपनी पुण्यातली. डीबगर नावाचं एक हत्यार असतं. चालता प्रोग्राम मध्येच एखाद्या ओळीवर थांबवायचा आणि त्याला विचारायचं, बाबा, आत्ता तुझ्या पोटात काय काय आहे? परदेशातली एक मंडळी असा नवा डीबगर घडवत होती, आणि तो खरी उत्तरं देतो की नाही हे तपासायचं काम या कंपनीकडं होतं. त्यातही प्रियदर्शनीच्या वाट्याला डबे, म्हणजे माहितीची साठवण, आले होते. प्रोग्राम लिहायच्या भाषेबरोबर आयते मिळणारे, प्रत्येक प्रोग्रामरला उठता-बसता लागणारे डबे. कुणात वस्तू ओळीनं ठेवायच्या, कुणात साखळीनं, कुणात नावानं. ती मुद्दाम छोटे छोटे प्रोग्राम लिहायची, डब्यांत वस्तू ठेवायची, प्रोग्राम थांबवायची आणि डीबगरला विचारायची. किती आहेत? पहिली कोणती? या नावाची कोणती? उत्तरं तिला आधीच ठाऊक असायची. ठाऊक असलेलंच दिवसभर विचारत बसायचं. कल्याणला तिनं हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासारखं." तिला हसू आलं, कारण ते अगदी बरोबर होतं.

आणि असं सरळ चाललेलं काम तीन आठवडे अडलं होतं.

तो एक नावांचा डबा होता. नवऱ्याच्या कृपेनं तिच्या प्रोग्राममध्ये नेहमी डाळीच असायच्या. आधी तूर, मूग, उडीद अशी तीन नावं आत जायची, प्रत्येकापुढं एक आकडा. मग प्रोग्राम थांबायचा. पुढच्या ओळीवर हरभरा यायचा होता, पण अजून आलेला नसायचा. इथं थांबून विचारायचं, किती? उत्तर हवं तीन.

तिच्या मशीनवर उत्तर यायचं चार. आणि आत काय काय आहे ते दाखव म्हटलं, की डीबगर शहाण्यासारखा दाखवायचा: तूर, मूग, उडीद आणि हरभरा. हरभऱ्यापुढं शून्य.

"जे अजून आलेलंच नाही, ते हा मोजतोय," असं तिनं तक्रारीत लिहिलं. परदेशातल्या मंडळींनी करून पाहिलं, त्यांच्याकडं तीन. पुण्यातल्या पोरांनी पाहिलं; तीन. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांतही तीन. हातानं करायला बसली की फक्त तिच्याकडं चार. तिनं सगळं पुसून नव्यानं घातलं, तरी चारच, कारण जुनी सेटिंग्ज मात्र तिनं जपून ठेवून परत आणली होती. पुण्याच्या ऑफिसात त्याला 'जालन्याचं भूत' असं नाव पडलं. पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्या आठवड्यात कंटाळले, तिसऱ्या आठवड्यात वरच्यांनी विचारलं, ही बाई तिकडं खेड्यात बसून नक्की करते काय?

तिचा टीम लीड रजत, जुन्या जालन्यातल्या कापडाच्या होलसेल दुकानदाराचा मुलगा. वयानं तिच्यापेक्षा लहान, तिला ताई म्हणायचा. घरी बसून काम करायची परवानगी त्यानंच भांडून मिळवून दिली होती. त्यानं फोन केला.

"ताई, मी बोललो वर. पण ऐकून न्हाई राह्यले. उद्यापर्यंत कारण सापडलं तर ठीक. न्हाईतर मशीन घेऊन पुण्याला या म्हणतात, आणि मंग तिथंच बसा. कायमचं."

"आणि नाही आले तर?"

"मंग नोकरीचं काही खरं न्हाई ताई," रजत म्हणाला.

फोन ठेवून ती कुकरकडं बघत बसली. पुण्याला जायचं म्हणजे कल्याण इथं आणि ती तिथं. मूल नाही तर नाही, आता संसारही दोन गावांत. लोकांना बोलायला आणखी एक विषय. पण खरं सांगायचं तर तिला धसका बसला तो याचा नाही. तिला धसका बसला तो या गोष्टीचा, की पुण्याचं नाव ऐकताच तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला बरं वाटलं. तिथं सकाळी मोरीतून बाहेर आल्यावर कुणी काही विचारणार नाही. तिचं या घरावर प्रेम होतं, या दोन माणसांवर होतं, आणि तरी तिला इथून पळून जावंसं वाटत होतं. इतकी ती दमली होती. काम करून माणूस झोपतो आणि सकाळी ताजा होतो. वाट बघून दमलेल्या माणसाचा थकवा झोपूनही उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. नंदाबाई दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला जायच्या. नवस होता, तो काय हे विचारायची गरज नाही. सकाळी पिशवीत नारळ आणि दुर्वा घेऊन त्या निघाल्या, दारातून वळल्या, "बरं वाटून राह्यलं ना?" हे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, आणि गेल्या. कल्याण आधीच वाफ्यांवर गेला होता. घर रिकामं झालं. ओट्यावर नेहमीची आवराआवर नाही, कुकर नाही, फोडणी नाही. प्रियदर्शनीनं रजतला ऑनलाइन कॉलवर लॅपटॉपचा पडदा दाखवायला घेतला.

"सुरुवातीपासून करा ताई. मी नुसता बघतो."

तिनं प्रोग्राम चालू केला. थांबवला. विचारलं, किती? चार.

"अरे देवा," रजत म्हणाला. "मला डब्यातलं न्हाई दिसून राह्यलं, अक्षर लई बारीक. खिडकी मोठी करता का?"

तिचा लॅपटॉप छोटा. ओट्यावर मिक्सर आणि पिठाच्या डब्यामुळं तो तिरपाच बसायचा, म्हणून पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या तिनं चेपून, मिटवून ठेवलेल्या असायच्या. ती डब्याची खिडकी ओढून मोठी करायला गेली तर भलतीच कड हाताला लागली, आणि पडद्याच्या तळाशी मिटून पडलेली एक खिडकी उघडली. त्यात एकच ओळ होती.

हरभरा. शून्य.

"ताई, हे काय?" रजतनं विचारलं.

"काही नाही रे. ती पहारा ठेवायची खिडकी. हरभरा आत कधी येतो ते बघायला मी पहिल्या दिवशी लावलं होतं. जिथं जिथं प्रोग्राम थांबेल तिथं तिथं हा आपणहून विचारतो, हरभरा किती, हरभरा किती, आणि..."

बोलता बोलता तिनं त्या शून्यावर बोट ठेवलं.

नावांच्या डब्याची एक खोड असते. प्रोग्राम शिकणाऱ्या पोरांना ती पहिल्या वर्षाला सांगतात आणि जुनी माणसं ती विसरतात. डब्याला नाव घेऊन सरळ विचारलं, अमक्याचं किती, आणि त्या नावाचं आत काही नसलं, तर तो 'नाही' म्हणत नाही. तो त्या नावाची नवी जागा करतो, तिच्यात शून्य ठेवतो आणि मग उत्तर देतो, शून्य. म्हणजे विचारायच्या आधी आत काही कमी नव्हतं. तीन जागा होत्या, तिन्ही भरलेल्या. विचारलं म्हणून चौथी जागा झाली आणि ती रिकामी निघाली.

आणि तिनं खिडकी मिटवली तरी विचारणं चालूच होतं. त्या पहिल्या दिवशी ती ओळ लिहिली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मग नंदाबाईंनी भाजीचं मीठ बघायला बोलावलं, परत आली तेव्हा जागा करायला म्हणून खिडकी मिटवली, आणि विसरली. सगळं पुसून नव्यानं घातलं तेव्हा जुन्या सेटिंग्जबरोबर ती ओळही परत आली. शून्य बघून तिला वाटलं होतं, अजून आला नाही. 'अजून आला नाही' आणि 'शून्य' यांत किती अंतर आहे, हे दिवसभर हेच काम करणाऱ्या बाईला कळलं नव्हतं.

"मीच," ती म्हणाली. "रजत, भूतबीत काही नाही. मीच विचारत होते."

तिनं ती ओळ पुसली. प्रोग्राम पुन्हा चालवला. थांबवला. विचारलं, किती?

तीन.

रजत हसत सुटला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! ताई, तीन आठवडे! परदेशातले लोक मला खाऊन टाकतील!" आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पलीकडून हसण्याचा आवाज येत नाही. प्रियदर्शनी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. तिला रडू येत होतं आणि ते हरलेल्याचं नव्हतं. कुणीतरी फार दिवसांनी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून भुईवर ठेवावं आणि त्यात काय होतं ते दाखवावं, तसं तिला झालं होतं.

"ताई, एवढं मनावर नका घेऊ. मी सांभाळून घेतो. डीबगरनं निदान बजावायला तर पाहिजे ना, की बाई, तुझ्या विचारण्यानं आतलं बदलून राह्यलं म्हणून. तसं लिहून टाकू." मग तो जरा थांबला. "पण एक विचारू? हे ओट्यावर बसून किती दिवस? घरात दुसरी खोली न्हाई का?"

"आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "पण रिकामी नाही."

रजतला काही समजलं नाही, आणि भला माणूस असल्यानं त्यानं पुढं विचारलंही नाही.

लॅपटॉप मिटून ती उठली आणि तिसऱ्या खोलीची कडी काढली. आत स्वच्छ होतं. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं, शेजारच्या कडुलिंबाची सावली हलत होती. घरातली सगळ्यात चांगली खोली होती ती. प्रियदर्शनीनं वर पाहिलं. छतातली कडी. ती दाराशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं ओरडावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला फक्त बसावंसं वाटलं, इथं, पाठ टेकून.

कल्याण दुपारी जेवायला आला तेव्हा ती आपल्या खोलीतलं लाकडी टेबल एकटीच ओढत होती आणि ते चौकटीत अडकलं होतं.

"हे काय चाललंय?"

"टेबल नेतेय."

"कुठं?" त्यानं विचारलं, आणि उघडं दार दिसल्यावर हळू आवाजात म्हणाला, "आईला काय सांगायचं?"

"तुम्ही दिवाळीत सांगणार होतात ते."

त्याच्या हाताला वाफ्यातली माती होती, कपाळाला घाम होता. तो तिच्यापेक्षा कमी दमलेला नव्हता, हे तिला तेव्हा दिसलं. इतके दिवस तिनं पाहिलंच नव्हतं. मग त्यानं टेबलाची दुसरी बाजू उचलली. "तिरपं कर," तो म्हणाला. "आधी पाय जाऊ दे."

नंदाबाई ऊन कलल्यावर आल्या. चंद्र दिसेपर्यंत उपास, वर एसटीतली गर्दी, त्यामुळं चेहरा उतरलेला. प्रसादाचा अर्धा नारळ हातात. चपला काढता काढता त्यांची नजर तिसऱ्या खोलीकडं गेली. आत टेबल होतं, टेबलावर लॅपटॉप होता, आणि पेटी भिंतीला सरकवलेली होती.

"ही खोली कुणी उघडली?"

"मी उघडली आई," प्रियदर्शनी म्हणाली.

"मला न इच्यारता? नवस फेडल्याबिगर त्या खोलीत काही ठेवायचं न्हवतं. मी आत्ता देवापुढून आले, आत्ता! अन् तुम्ही इकडं..." त्यांचा आवाज चढला, तो त्या घरात कुणी फारसा ऐकला नव्हता. कल्याणनं तोंड उघडलं. पण प्रियदर्शनीनं त्याच्या दंडाला हात लावला. हे आता तिलाच बोलायचं होतं.

"आई, आम्ही थांबलोय. दिवाळीतच दवाखाना बंद केला. आता बाळ होणार नाही. तुमच्यापासून लपवलं, चुकलं आमचं. पण मला रोज सकाळी आता ते ऐकवत नाही हो. माझ्यात काही कमी आहे असं मला एरवी वाटत नाही. तुम्ही विचारलं की वाटतं."

नंदाबाई खाटेवर बसल्या. नारळ मांडीवर. त्यांनी नारळाची शेंडी चिमटीत धरली.

"मला काय कळत न्हाई का?" त्या म्हणाल्या. आवाजातला चढ गेला होता. "दवाखान्याची पिशवी दिवाळीपासून खुंटीवर हाय. तिच्यावर धूळ बसली, ती मीच झटकते."

प्रियदर्शनी पुढं आली. "तुम्हाला माहीत होतं? मग विचारत कशाला होतात?"

"इच्यारणं बंद केलं आसतं तर तुला काय वाटलं आसतं? म्हातारीनं बी आशा सोडली. आता आपण हिच्या लेखी गेलो. असं वाटलं आसतं का न्हाई?" त्यांचे डोळे भरून आले. "रोज ठरवायचे, आज न्हाई इच्यारायचं. तू मोरीतून बाहेर यायची, तुझं तोंड बघितलं की निघूनच जायचं तोंडातून. मी बी थकले गं. दर संकष्टीला त्या एसटीत उभं ऱ्हाऊन माझे गुडघे गेले. पण जायचं बंद केलं तर तू काय म्हणशील, म्हणून जाऊन राह्यले."

"मी काय म्हणणार होते आई!" प्रियदर्शनी म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू हे तिचं तिलाच कळलं नाही. "मला वाटायचं तुम्हाला अजून आशा आहे, ती आपण कशी मोडायची. म्हणून मी हो म्हणायचे."

"मोडायला राह्यलीच कुठं होती," नंदाबाई म्हणाल्या.

कल्याण भिंतीला टेकून उभा होता. ज्यानं एका वाक्यात हे सगळं दिवाळीतच मिटवलं असतं तो हाच, आणि हे त्याला नीट कळलं होतं, कारण तो मुकाट्यानं आत गेला आणि आईसाठी साबुदाणा गरम करायला लागला. कुणी सांगितलं नसताना त्यानं गॅस पेटवल्याची त्या घरातली ही पहिली वेळ असावी.

नंदाबाई उठल्या, तिसऱ्या खोलीच्या दारात गेल्या. टेबलाकडं पाहिलं, मग वर.

"कडी काढू नको," त्या म्हणाल्या.

"नाही काढत आई."

"राहू दे. पंखा लाव तिला. उन्हाळा तोंडावर हाय, दिवसभर बसणार तू इथं. पाळण्याचं वजन धरायला पुरली होती, पंख्याचं धरीलच." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि तेवढ्यात सवयीनं टेबलाची कडही पुसली. "ओट्यावर तुझी पाठ किती दुखायची. रात्री कण्हायचीस. मला ऐकू यायचं."

तेवढ्यात नंदाबाईंचा मोबाइल वाजला. त्यांना कानाला लावून नीट ऐकू यायचं नाही, म्हणून आवाज मोठा ठेवलेला असायचा. अप्पाराव होता.

"काकू, दुकानात उभा हाय. टाकी कोणती उचलू? दुकानदार इचारतो, माणसं किती म्हणून. सध्या तीन म्हणल्या होत्या ना तुम्ही?"

आत साबुदाण्यावर उलथनं थांबलं. प्रियदर्शनीनं टेबलाची कड धरली. तिला ऐकायचंही होतं आणि कान झाकूनही घ्यायचे होते.

नंदाबाईंनी सुनेकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्या नजरेत प्रश्न नव्हता.

"तीन," त्या म्हणाल्या.

"सध्या ना? मंग मोठी घेऊन ठेवू का, पुढं-मागं लागली तर?"

"तुला ऐकू येतं का न्हाई अप्पाराव? तीन माणसं हायेत घरात. तिघांना पुरंल एवढी आण. अन् येताना वायरमनचा नंबर घेऊन ये, पंखा लावायचाय."

त्यांनी फोन ठेवला आणि नारळ सुनेच्या हातात दिला. "तुकडे कर," त्या म्हणाल्या. "तिघात वाट."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियदर्शनी तोंड धुऊन मोरीतून बाहेर आली. नंदाबाई गॅसपुढून वळल्या. त्यांचे ओठ उघडले, आणि काही क्षण तसेच राहिले.

"चहा घेतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो आई," ती म्हणाली. तिचा हात कपाकडं गेला.